वसई बेट आहे का?

"एखाद्या बेटावर मनसोक्त चालायचंय, कुठे जावं?" हा प्रश्न मला दर हिवाळ्यात कुणी ना कुणी विचारतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यांपुढे अंदमान असतं, नाहीतर बाली. मी उलट विचारतो, "राहता कुठे?" उत्तर वसई, नालासोपारा किंवा विरार असं आलं, की माझं काम सोपं होतं. चपला घाला आणि पश्चिमेला चालायला लागा. तुम्ही बेटाच्या दारातच राहताय.

यावर समोरचा हसतो. वसई बेट? विरार लोकलने तर आम्ही रोज जातो, कुठे होडीत बसावं लागत नाही! त्यामुळे आधी हे बेटाचं प्रकरण मिटवू आणि मग चालायला निघू.

१. बेट हरवलं कुठे?

बेट म्हणजे चहूबाजूंनी पाणी, एवढी साधी व्याख्या घेऊ. वसईच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. दक्षिणेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचं मुख. उत्तरेला वैतरणेचं मुख, पलीकडे दातिवरे. तीन बाजू झाल्या. चौथी बाजू पूर्वेची, आणि घोळ तिथेच आहे. दक्षिणेची आणि उत्तरेची खाडी जोडणारा एक भरतीच्या पाण्याचा फाटा पूर्वी आतून जात असे. तीच सोपाऱ्याची खाडी. इंग्रजी अमदानीतल्या कागदपत्रांत 'वसई बेट' असा उल्लेख येतो तो या फाट्यामुळे.

हा फाटा एका दिवसात बुजला नाही. गाळ साचत गेला, तिवरं वाढली, लोकांनी बांध घालून खाजणाची भातशेती केली, मिठागरं झाली, १८६०च्या दशकात रेल्वे आली, मग रस्ते आणि इमारती. वाटीतल्या आमटीत भाताचा ढीग एका कडेने पसरत जावा आणि आमटी नुसत्या रेघेपुरती उरावी, तसं झालं. आज ही खाडी ओळखायची तर पुलाखालून जाणारा काळपट ओहोळ आणि त्याच्या काठची तिवरं बघावी लागतात. पण पावसाळ्यात पाण्याला आपली जुनी जागा बरोबर आठवते. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्यात रुळांवर पाणी चढून गाड्या अडकल्या आणि मिठागरांत राहणाऱ्या कुटुंबांना बाहेर काढावं लागलं. तेव्हा बऱ्याच जणांनी पहिल्यांदा नकाशा नीट पाहिला.

नकाशापेक्षाही चांगली सोय हवी असेल तर विरारच्या जीवदानीचा डोंगर चढा. पायऱ्या चौदाशेच्या आसपास आहेत, पण हवेत धूर नसलेल्या सकाळी वरून जे दिसतं ते पायांची भरपाई करतं. पायथ्याशी इमारतींचा दाट पट्टा, त्यापलीकडे एकदम हिरवा गडद पट्टा, आणि त्याच्या कडेला समुद्राची पांढरी किनार. तो हिरवा पट्टा म्हणजे आपलं बेट, किंवा बेटाचा जो भाग अजून बेटासारखा वागतो तो.

२. चतुर्थीचं गणित

किनाऱ्याने चालायचं तर पहिला प्रश्न वाटेचा नसतो, वेळेचा असतो. वाट दिवसातून दोनदा पाण्याखाली जाते आणि दोनदा वर येते. ती केव्हा वर असेल हे कळलं की अर्धी तयारी झाली.

भरती चंद्रामुळे येते हे शाळेत शिकलेलं असतं. त्यातला आपल्या कामाचा भाग असा: चंद्र रोज सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो, म्हणून भरतीही रोज तितकीच मागे सरकते. आपलं पंचांग चंद्रावरच चालतं. त्यामुळे कोकण किनाऱ्यावर एक जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट करा, येईल तो भरतीचा तास. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतर प्रतिपदेपासून पुन्हा एकपासून मोजायचं.

उदाहरण करून पाहू. अष्टमी आहे. आठाची पाऊणपट सहा. म्हणजे पहाटे सहाच्या सुमारास पूर्ण भरती, आणि पुन्हा संध्याकाळी साडेसहाच्या आतबाहेर. मधली ओहोटी साधारण सहा तासांनी, दुपारी बारा-सव्वाबाराला. हिशेबात अर्धा-पाऊण तासाची चूक धरावी. छापील भरतीचं कोष्टक मिळालं तर तेच पाहावं, पण कोष्टक हाताशी नसताना कालनिर्णय भिंतीवर असतंच.

आता दुसरी गोष्ट. सगळ्या भरत्या सारख्या नसतात. पौर्णिमा-अमावास्येच्या आसपास सूर्य आणि चंद्र एका ओळीत ओढतात, त्याला उधाण म्हणतात. अष्टमीच्या आसपास ते काटकोनात ओढतात, पाणी फार चढत नाही आणि फार उतरतही नाही. त्याला भांग म्हणतात. आपल्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला पाण्याची चढउतार चार मीटरच्या वर जाते, म्हणजे एक मजला आणि वर थोडं. भांगाला ती निम्मीही नसते.

चालणाऱ्याची यात एक गमतीशीर अडचण होते. रुंद, कडक वाळू हवी तर उधाणाची ओहोटी हवी. पण पौर्णिमेला भरती दुपारी बाराच्या सुमारास आणि ओहोटी भल्या सकाळी आणि संध्याकाळी. सकाळच्या अर्ध्या वाटेवर पाणी परत येऊ लागतं. उलट अष्टमीला ओहोटी दुपारी सोयीची, पण पाणी उतरतं थोडंच, आणि डोक्यावर ऊन. मग मधली तिथी कोणती? चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. पहाटे तीनला भरती, सकाळी नऊ-सव्वानऊला ओहोटी, पुढची भरती दुपारी साडेतीनच्या आत. उधाणाचा जोरही अजून ओसरलेला नसतो. सकाळी सातला निघालात तर पाणी तुमच्यासाठी मागे हटत असतं आणि बारापर्यंत बऱ्यापैकी वाळू मोकळी असते. शिवाय विनायकी असो की संकष्टी, चतुर्थी केव्हा आहे हे घरात कुणाला तरी ठाऊक असतंच. संकष्टीचा उपास असणाऱ्यांनी मात्र खजूर-शेंगदाणे बरोबर घ्यावेत.

तिसरी गोष्ट, आणि जिवाशी गाठ असलेली. भरतीचं पाणी सहा तासांत एकाच वेगाने चढत नाही. एकूण चढाचे बारा वाटे केले तर पहिल्या तासात एक वाटा, मग दोन, तीन, तीन, दोन आणि शेवटी पुन्हा एक. म्हणजे मधल्या दोन तासांत निम्मं पाणी येतं. चार मीटरच्या भरतीत मधल्या दोन तासांत दोन मीटर. किनारा इतका सपाट असेल की पन्नास पावलांना एक पाऊल उतार, तर पाण्याची कड या दोन तासांत शंभर मीटर आत सरकते. पहिल्या तासात "अजून कुठे आलंय" असं वाटतं, फसगत होते ती त्यामुळेच.

माझी अशीच फसगत एकदा झाली. किनाऱ्यावर मधूनमधून ओढ्याखाड्यांची तोंडं लागतात. जाताना घोट्याएवढं पाणी होतं. शंख-शिंपले बघण्यात दीड तास गेला, आणि परतताना तेच पाणी मांड्यांपर्यंत. पाणी समोरून आलं असतं तर दिसलं असतं. ते बाजूने, माझ्या मागच्या खोलगट भागातून भरलं होतं. बूट गळ्यात अडकवून पार झालो, पण एक बूट सुटून खाडीत गेला तो गेलाच. पलीकडे जाळं निवडत बसलेल्या कोळीणमावशी एवढंच म्हणाल्या, "दादा, घड्याळ हातात कशाला बांधलंय?"

३. अर्नाळा ते वसई

वाट सोपी आहे: उत्तरेकडे अर्नाळ्याला सुरू करायची, समुद्र उजव्या हाताला ठेवायचा, दक्षिणेला वसईच्या किल्ल्यापाशी थांबायचं. अंतर साधारण १५ किलोमीटर. ओल्या कडक वाळूवर माणूस तासाला चार किलोमीटर आरामात चालतो. विसावा धरून पाच तास.

उलट दिशेने का नाही? वाऱ्यामुळे. सकाळी उन्हात जमीन तव्यासारखी पटकन तापते, समुद्र पाण्याच्या हंड्यासारखा सावकाश. तापलेल्या जमिनीवरची हवा हलकी होऊन वर जाते, तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा आत येते. हेच भूगोलातले खारे वारे. रात्री उलट, जमिनीकडून समुद्राकडे मतलई. हिवाळ्याच्या अखेरीपासून हे खारे वारे इथे बहुतेक वायव्येकडून येतात, दुपारकडे जोर धरतात. दक्षिणेकडे चालणाऱ्याच्या ते पाठीवर आणि उजव्या खांद्यावर लागतात. उत्तरेकडे निघालात तर वाळू तोंडावर.

अर्नाळ्याच्या समोर, वैतरणेच्या मुखाशी, अर्नाळ्याचं छोटं बेट आहे आणि त्यावर किल्ला. बेटाचंही बेट. गुजरातच्या सुलतानांनी बांधलेला, मग पोर्तुगिजांनी घेतलेला हा किल्ला १७३७ मध्ये मराठ्यांकडे आला आणि त्यांनी तो नव्याने बांधला. दारावर मराठी शिलालेख आहे, आत गोड्या पाण्याचं अष्टकोनी टाकं आणि त्र्यंबकेश्वराचं देऊळ. किल्ल्याबाहेर, थोडं दूर, एकटाच एक गोल बुरूज उभा आहे. होडीतून दहा मिनिटांत पलीकडे जाता येतं. हे बेट बघायचं असेल तर मात्र त्याला स्वतंत्र दिवस द्या. सकाळी बेट आणि मग १५ किलोमीटर, असा हिशेब करणारे नवापूरलाच रिक्षा शोधतात.

पुढे नवापूर, राजोडी, कळंब. वरच्या अंगाला सुरूची बनं. सुरू हे झाड इथलं नव्हे, पण वाळूत रुजतं, वारा अडवतं, म्हणून किनारभर लावलं गेलं. वसईजवळच्या सुरुची बागेचं नावही या सुरूंवरून. राजोडी-कळंबला सुट्टीच्या दिवशी गर्दी आणि घोडागाड्या असतात. तिथून पाऊल उचलावं. समुद्रात पोहायला उतरू नये, तळ फसवा आहे. भुईगावला तिवरांचा भाग लागतो आणि हिवाळ्यात पाणपक्षी दिसतात. गाळात कुठे पाय घालायचा ते स्थानिकांना विचारूनच.

शेवटी रानगाव, सुरुची बाग, पाचूबंदर आणि किल्ला. वसईचा किल्ला तिन्ही बाजूंनी पाण्याने आणि दलदलीने वेढलेला. तुम्ही उत्तरेकडून, जमिनीच्या बाजूने आत जाता. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेलाही तीच एक बाजू होती. फेब्रुवारी ते मे असा वेढा चालला, उत्तरेच्या तटाखाली सुरुंग पेरले गेले, आणि १५३४च्या तहापासून चालत आलेली पोर्तुगीज सत्ता संपली. आत पडकी चर्चं आहेत, वडाच्या मुळ्यांनी धरून ठेवलेल्या भिंती आहेत. त्यावर स्वतंत्र पुस्तकं आहेत, इथे पाय दुखतायत तेव्हा सावलीत बसू.

४. समुद्राकाठी गोडं पाणी येतं कुठून?

दुसऱ्या दिवशी समुद्राकडे पाठ करून आत वळा. गास, निर्मळ, गिरीज, नंदाखाल, आगाशी. दोन्ही बाजूंना केळी, पानवेली, सोनचाफा, मोगरा, भाजीचे वाफे. मधून पाखाड्या, म्हणजे वाड्यांमधल्या वाटा, इतक्या अरुंद की समोरून सायकल आली तर कुंपणाला चिकटावं लागतं. वाडीत पहिला प्रश्न हमखास येतो, "कोणाकडे जायचंय?" हा प्रश्न हटकण्याचा नसतो, पण उत्तर नीट द्यावं. यातल्या कितीतरी वाटा सरकारी नाहीत, कुणाच्या तरी अंगणातून जातात. "सहज चालतोय काका, पलीकडे निर्मळला निघतोय का ही वाट?" असं विचारलं की कुणीतरी फाटकापर्यंत येऊन दाखवतं.

वाडीत कुठेतरी एक तळं दिसेल. विहिरीपेक्षा मोठं, तलावापेक्षा लहान, काठाला उतार, पाण्यावर हिरवी पानं. हे बावखल. वसईच्या पश्चिम पट्ट्याची ही खास चीज. पूर्वी यावर रहाट चालायचा आणि बागायतीला पाणी जायचं. चालणाऱ्याला इथे प्रश्न पडायलाच हवा: समुद्र दोन-तीन किलोमीटरवर, मग हे पाणी गोडं कसं?

उत्तर वजनात आहे. एक लिटर गोडं पाणी १००० ग्रॅम भरतं. एक लिटर समुद्राचं पाणी साधारण १०२५ ग्रॅम. हलकं ते वर तरंगतं. पावसाचं पाणी वाळूतून झिरपून खाली जातं आणि जमिनीखालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं, दोन्ही चटकन मिसळत नाहीत कारण वाळूच्या कणांमध्ये ढवळायला जागा नाही. भांड्यातल्या पाण्यात बर्फाचा खडा टाका. थोडा वर दिसतो, बराचसा बुडालेला असतो. गोड्या पाण्याचंही तसंच. वजनातला फरक हजारात २५चा, म्हणजे चाळिसात एकाचा. म्हणून विहिरीचं पाणी समुद्रसपाटीच्या एक हात वर असेल, तर खाली चाळीस हात गोडं पाणी असतं.

आता हाच हिशेब उलटा करा. विहिरीतलं पाणी समुद्रसपाटीच्या अर्धा मीटर वर आहे. खाली २० मीटर गोडं. पंप लावून पातळी पाव मीटरने खाली नेली. वर दिसायला पाव मीटरच गेलं, एक वीत आणि दोन बोटं. खाली मात्र खारं पाणी १० मीटर वर आलं. हा कागदावरचा हिशेब निव्वळ वाळू धरून आहे, प्रत्यक्षात खाली कातळ आणि चिकणमाती असते, आकडे बदलतात. पण रोख तोच राहतो. रहाटाने उपसणारा शेतकरी तासाला जेवढं काढायचा आणि पंप जेवढं काढतो त्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

बावखलांचं खरं काम इथे कळतं. पावसाळ्यात ती भरतात, वाडीतलं पाणी रस्त्यावर न जाता त्यांत उतरतं आणि हळूहळू जमिनीत मुरतं. त्यामुळे खालचा गोड्या पाण्याचा साठा दरवर्षी भरून निघतो. बावखल बुजवून बंगला बांधला की दोन गोष्टी एकदम होतात: पावसाळ्यात शेजारच्या घरात पाणी, आणि मे महिन्यात विहीर मचूळ. अनेक बावखलं अशी गेली. मला विचाराल तर वसईत किल्ल्याइतकंच जतन करण्यासारखं काही असेल तर ती बावखलंच आहेत, आणि किल्ल्याला निदान पुरातत्त्व खात्याची पाटी तरी आहे. हिरव्या पट्ट्यातल्या पाण्याच्या उपशाविरुद्ध आणि बेबंद बांधकामांविरुद्ध हरित वसई संरक्षण समितीने मोठं आंदोलन उभारलं. त्यात पुढे असलेले फादर फ्रान्सिस दिब्रिटो बहुतेकांना आठवतात ते २०२० च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. वाडीतली माणसं मात्र त्यांचं नाव आधी पाण्याशी जोडतात.

निर्मळच्या तळ्याकाठी थोडं थांबा. टेकाडावर शंकराचार्यांची समाधी मानली जाणारी जागा आणि देऊळ आहे, कार्तिक वद्य एकादशीपासून इथे यात्रा भरते. वसईची सुकेळी चाखायची असेल तर हाच मुलूख. राजेळी केळी सोलून उन्हात वाळवलेली, तपकिरी, चिकट, मधासारखी गोड. चार सुकेळ्या खिशात असल्या की पुढचे पाच किलोमीटर भूक आठवत नाही.

५. सम्राट फिरायला निघाला

तिसरी वाट सोपाऱ्याची. नालासोपारा म्हटलं की गर्दीचं स्टेशन डोळ्यांपुढे येतं, पण हे प्राचीन शूर्पारक बंदर. बेटाचा तो बुजलेला फाटा तेव्हा वाहता होता, आणि गलबतं आतपर्यंत येत. स्टेशनच्या पश्चिमेला 'बुरूड राजाचा कोट' या नावाने ओळखला जाणारा विटांचा उंचवटा आहे. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी तो खणला. आत स्तूप निघाला, आणि त्याच्या पोटात दगडी पेटी. पेटीत तांब्याचा करंडा, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सर्वांत आत सोन्याचा, एकात एक. सोबत बुद्धाच्या भिक्षापात्राचे समजले गेलेले तुकडे.

त्याच वर्षी सोपाऱ्यात दगडाचा एक तुकडा मिळाला. त्यावर ब्राह्मी अक्षरं होती, अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा भाग. पुढे १९५६ मध्ये आणखी एक तुकडा सापडला, नवव्या शिलालेखाचा, आणि तो सापडला भुईगावात. होय, आपण किनाऱ्याने जाताना ज्या गावावरून गेलो तेच.

अशोकाचे लेख अनेक विषयांवर आहेत, पण आपल्याकडे सापडलेला आठवा लेख नेमका कशाबद्दल आहे पाहा. पूर्वीचे राजे मौजेखातर विहारयात्रांना निघायचे, शिकार करायचे. अशोक सांगतो की राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो बोधिवृक्षाच्या ठिकाणी गेला आणि तिथून धर्मयात्रांची सुरुवात झाली. या यात्रांत श्रमण-ब्राह्मणांच्या भेटी, वृद्धांची विचारपूस, आणि खेड्यापाड्यांतल्या लोकांना भेटणं, त्यांच्याशी बोलणं. या फिरण्यात त्याला जास्त आनंद मिळतो, असंही तो म्हणतो. वाटेने चाललेल्या राजालाही कुणीतरी "कोणाकडे जायचंय?" विचारलं असेल का, असं मला पाखाडीतून जाताना नेहमी वाटतं.

६. गाडीतून दिसणारं बेट

ज्यांना रान हवं त्यांनी पूर्वेला तुंगारेश्वर गाठावं. २००३ मध्ये अभयारण्य झालेलं, सुमारे ८५ चौरस किलोमीटरचं जंगल आहे, पण ते बेट नव्हे, मुख्य भूमी. त्याची चाल वेगळी.

आणि ज्यांना चालायला अजिबात वेळ नाही त्यांच्यासाठी एक बेट लोकलच्या वाटेतच आहे. भाईंदर आणि नायगाव यांच्यामध्ये गाडी वसईची खाडी ओलांडते ती एका पुलावरून नाही, दोन पुलांवरून. मधे पाणजू बेट आहे. गाव आहे, माणसं आहेत, स्टेशन नाही. नायगावहून होडीने तिथे जाता येतं आणि बांधावरून तासा-दोन तासांत चांगला फेरफटका होतो. पण तूर्तास दारापाशी उभे असाल तर कान द्या. भाईंदर सुटलं की पुलाचा खणखणाट सुरू होतो. मग मधेच तो थांबतो, रूळ जमिनीवरून जात असल्यासारखा दबका आवाज येतो, बाहेर तिवरं आणि एखादी पायवाट दिसते. लगेच पुन्हा खणखणाट. त्या दबक्या आवाजापुरते तुम्ही बेटावर असता.